परदेशातून आलेल्या डीव्हीडी घरच्या प्लेअरवर कशा लावायच्या?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी.

घरी बारा डीव्हीडींचा एक खोका आला आहे. सगळ्या विकत घेतलेल्या, ओरिजिनल. सात अमेरिकेच्या, तीन इंग्लंडच्या, दोन जपानच्या. सोबत अमेरिकेचा एक वापरलेला प्लेअरही आहे. आतापर्यंत दिसलेलं सगळं लिहितो.

घरचा प्लेअर जळगावात घेतलेला, साधा. हॉलमधल्या एलईडी टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला आहे. त्यावर इंग्लंडच्या तिन्ही डिस्क नीट चालतात. अमेरिकेच्या सातपैकी पाच चालतात, उरलेल्या दोन लावल्या की पडद्यावर जगाचा नकाशा येतो आणि ‘ही डिस्क तुमच्या प्लेअरवर चालणार नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. पुढे काही नाही. जपानच्या डिस्कवर चित्र आहे, आवाज नाही.

हाच प्लेअर वरच्या खोलीतल्या जुन्या २१ इंची डबा टीव्हीला लावला तर इंग्लंडची डिस्क रंगीत दिसते, अमेरिकेची काळी-पांढरी, आणि चित्र सारखं वर पळतं.

लॅपटॉपमध्ये अमेरिकेची डिस्क टाकली तर खिडकी उघडते: सध्याचा रीजन ५, उरलेले बदल ४, बदलायचा का? अजून ओके दाबलेलं नाही.

अमेरिकेचा प्लेअर अजून बोर्डाला लावलेला नाही. त्याची पिन चपटी आहे. बाजारात पिन बदलायचं अडॅप्टर मिळतं, ते घेऊन लावू का? आणि लॅपटॉपवर ओके दाबू का?

---

शेवभाजी (शिरपूर)

भाऊ, तो अमेरिकाना डबा पयले बाजूले ठेवा. बाकी बठ्ठं मंग.

---

पांझरा (धुळे)

शेवभाजी म्हणतात ते आधी ऐका.

प्लेअर उलटा करून मागचं स्टिकर वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असं लिहिलं असेल तर पिनेचं अडॅप्टर लावून खुशाल चालवा. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ’ असेल तर आपल्या बोर्डाला थेट लावायचा नाही. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतं, व्होल्टेज तेवढंच राहतं.

का जळतो ते सांगतो. आत शिरलेली एसी आधी डीसी होते आणि एका मोठ्या कपॅसिटरवर साठते. १२० व्होल्टची डीसी साधारण १७० व्होल्ट होते, म्हणून तिथे २०० व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. आपले २३० व्होल्ट डीसी झाले की ३२५ होतात. कपॅसिटर फुगतो नाहीतर फुटतो, आणि नशीब असेल तर त्याआधी फ्यूज जातो.

चालवायचाच असेल तर २३० चे ११० करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्लेअर दहा-वीस वॅट खातो, त्यामुळे ५० वॅटचा भरपूर झाला. तांब्याच्या गुंडाळीचा, हातात जड लागणारा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके कन्व्हर्टर घेऊ नका, त्यांची लहर तुटकी असते आणि प्लेअरच्या पॉवर सप्लायला ती सोसत नाही.

---

तापीकाठ

स्टिकर वाचलं. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ, १२ वॅट’. वाचला प्लेअर. मनापासून धन्यवाद.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

तापीकाठ भाऊ, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की उत्तर निम्मं झालं. परदेशी डिस्क चालत नाही म्हटलं की सगळे ‘रीजन, रीजन’ म्हणतात, पण इथे कुलपं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. विजेचं पांझरांनी सांगितलं. उरली दोन: रीजन आणि टीव्हीची पद्धत.

रीजन म्हणजे विक्रीसाठी केलेली जगाची वाटणी. १ मध्ये अमेरिका आणि कॅनडा. २ मध्ये युरोप, जपान, मध्यपूर्व, दक्षिण आफ्रिका. ३ मध्ये दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग, आग्नेय आशिया. ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको, दक्षिण अमेरिका. ५ मध्ये आपण, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. ६ म्हणजे चीन. ७ राखीव, ८ विमानं आणि जहाजांसाठी.

टीव्हीची पद्धत या वाटणीला जुमानत नाही. पाल आणि एनटीएससी या त्या दोन पद्धती. पालमध्ये ७२० × ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससीमध्ये ७२० × ४८० आणि २९.९७. इंग्लंड आणि जपान दोघांचा रीजन २, पण इंग्लंड पाल आणि जपान एनटीएससी. ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको दोघांचा ४, पण ऑस्ट्रेलिया पाल, मेक्सिको एनटीएससी. भारत पाल.

आता तुमची यादी बघा. इंग्लंडच्या रीजन २ च्या डिस्क तुमच्या प्लेअरवर विनातक्रार चालल्या, म्हणजे त्याचं रीजनचं कुलूप दुकानातून येतानाच उघडं आहे. वरच्या टीव्हीवर जे बिघडतं ते सगळं एनटीएससीचं आहे, रीजनशी त्याचा काही संबंध नाही. नकाशाचं तिसरंच काहीतरी आहे, ते वाघूर सांगतील.

---

केळीबाग (रावेर)

चांगला धागा. एक शंका: काही डिस्कच्या मागे पृथ्वीच्या गोळ्यात ‘०’ किंवा ‘ऑल’ लिहिलेलं असतं. हा शून्य रीजन कुठला?

---

गिरणाकाठ

@केळीबाग, शून्य नावाचा रीजन नाही. डिस्कवर आठ खुणांची एक पट्टी असते, प्रत्येक रीजनला एक खूण: इथे मनाई की परवानगी. आठही ठिकाणी परवानगी असली की बोलीभाषेत तिला शून्य म्हणतात. एकाच डिस्कला दोन-तीन रीजनची परवानगीही असू शकते, गोळ्यात मग ‘२, ४’ असे आकडे दिसतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच डिस्क अशा असतात, दोन्हीकडे पाल असल्यामुळे एकच डिस्क दोन्ही बाजारांत चालते.

---

वाघूर (जळगाव)

नकाशाबद्दल.

आधी हे बघायचं की मजकूर कोणाचा आहे. प्लेअर स्वतः नकार देतो तेव्हा त्याच्या नेहमीच्या, सेटअप मेनूतल्याच अक्षरांत दोन शब्द येतात: रीजन चुकीचा. मागे निळा पडदा किंवा कंपनीचं चिन्ह. तुम्हाला दिसतोय तो रंगीत, सजवलेला नकाशा आहे, तो डिस्कवरच भरलेला आहे. म्हणजे प्लेअरने डिस्क उघडली, वाचली, आणि डिस्कनेच तुम्हाला दार लावलं.

सगळीकडे रीजनमुक्त प्लेअर विकले जायला लागले तेव्हा अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी २००० सालापासून ही युक्ती काढली, तिला आरसीई म्हणतात. प्लेअरमध्ये लहान लहान आकडे ठेवायचे कप्पे असतात. त्यातल्या विसाव्या कप्प्यात प्लेअरचा रीजन असतो. डिस्कवरचा प्रोग्राम सुरू होताच तो कप्पा वाचतो. तिथे १ सापडला नाही की नकाशा दाखवून थांबतो. शून्यावर ठेवलेला प्लेअर दारावरची खूण ओलांडतो, पण या प्रश्नाला उत्तर देताना पकडला जातो.

उपाय सरळ आहे: या दोन डिस्कपुरता प्लेअर शून्यावरून काढून ठाम १ वर ठेवायचा. त्यासाठी रिमोटवरून उघडणारा छुपा मेनू लागतो आणि तो मॉडेलनुसार वेगळा. एलजीच्या बऱ्याच प्लेअरमध्ये ट्रे रिकामा ठेवून सेटअप, त्यात कुलपाचं चिन्ह, तिथे ३१४१५९ आणि एंटर. फिलिप्सच्या डीव्हीपी मालिकेतल्या अनेक मॉडेलना सेटअपमधल्या प्रेफरन्स पानावर १३८९३१ दाबलं की रीजनचा आकडा दिसतो, तो वर-खालीच्या बाणांनी बदलायचा. साध्या प्लेअरना बहुतेक ट्रे उघडून चार-पाच आकडे दाबावे लागतात.

तुमच्या प्लेअरच्या मागचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या तिरक्या रेषेनंतरच्या आकड्यांसकट, इथे लिहा. आणि मेनू उघडला की काहीही बदलण्याआधी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्या मेनूत रीजनसोबत इतरही गोष्टी असतात, त्या चुकून हलल्या तर मूळ आकडे हाताशी हवेत.

---

अजिंठारोड (पाचोरा)

३१४१५९ म्हणजे पायचे पहिले सहा आकडे की! गणिताच्या मास्तरांना हे विसरायला व्हायचं नाही.

---

सातपुडा_७ (चोपडा)

वाघूर, एवढे आकडे शोधण्यापेक्षा नेटवरून रीजन-फ्री फर्मवेअर (प्लेअरच्या आतला प्रोग्राम) उतरवायचं, सीडीवर जाळायचं आणि प्लेअरमध्ये टाकायचं. एकदाच काम.

---

वाघूर

@सातपुडा_७, इथे असहमत, आणि जरा जोर देऊनच. बाहेरून एकच दिसणाऱ्या प्लेअरमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळी चिप, डिस्क आत-बाहेर करणारा वेगळा भाग असतो. दुसऱ्या बोर्डाचं फर्मवेअर बसलं तर ट्रे उलटा चालतो, रिमोट ओळखला जात नाही, किंवा प्लेअर उठतच नाही. शिवाय लिहिणं चालू असताना लाईट गेली तर अर्धवट लिहिलेली चिप काढून ती लिहायच्या यंत्रावर लावल्याशिवाय इलाज नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कोणी ही जोखीम घ्यावी? छुप्या मेनूत मात्र एकच आकडा बदलतो आणि तो परत बदलता येतो.

तापीकाठांचा प्लेअर तर आधीच मुक्त आहे. त्याला रीजन-फ्री फर्मवेअर टाकून नकाशा जाणार नाहीच, कारण मुक्त आहे म्हणूनच नकाशा येतोय.

---

सातपुडा_७

शेवटचा मुद्दा लक्षात आला. फर्मवेअरचं म्हणणं मागे घेतो.

---

मुक्ताई (मुक्ताईनगर)

वरच्या खोलीतल्या टीव्हीचं सांगते.

तिथे दोन वेगळ्या चुका एकत्र दिसत आहेत. रंग जातो, कारण पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्‌झवर येते आणि एनटीएससीमध्ये ३.५८ वर. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला ३.५८ वरचा रंग सापडतच नाही, मग तो काळं-पांढरं दाखवतो. चित्र पळतं, कारण टीव्ही सेकंदाला ५० वेळा वरून खाली येण्याच्या तयारीत आहे आणि प्लेअर त्याला ६० वेळा हाकतोय. मागे व्ही-होल्डचा (चित्र वर-खाली पळू न देणारा) स्क्रू असेल तर फिरवून पळणं थांबतं, पण मग पालची डिस्क आणि केबल पळायला लागतात. त्या वाटेला जाऊ नका.

डिस्क काढा. डिस्क फिरत असताना बऱ्याच प्लेअरमध्ये हा पर्याय करडा दिसतो आणि निवडता येत नाही. सेटअप, त्यात टीव्ही सिस्टीम. तिथे पाल, एनटीएससी, आणि ऑटो किंवा मल्टी असं दिसेल. तुमचा नक्की ऑटोवर असणार, म्हणून डिस्क जशी आहे तशी बाहेर जातेय. पाल निवडा. आता प्लेअर स्वतः एनटीएससीचं पाल करून देईल. स्वस्त प्लेअरमध्ये हे रूपांतर कामचलाऊ असतं. कॅमेरा आडवा फिरतो तिथे हलका झटका जाणवेल, कारण दर सहापैकी एक फील्ड (ओळीआड ओळींचं अर्धं चित्र) गाळलं जातं. वर-खाली काळ्या पट्ट्याही येऊ शकतात. पण रंग येईल आणि चित्र जागेवर बसेल.

खाली हॉलमध्ये आणताना परत ऑटो करा. एलईडी टीव्ही दोन्ही पद्धती समजतो, तिथे रूपांतर कशाला?

आणि एक. चुकून एनटीएससी निवडलं गेलं तर वरच्या टीव्हीवर सेटअपचा मेनूही वाचता येणार नाही. घाबरू नका. रिमोटवर ‘एन/पी’ किंवा ‘पाल/एनटीएससी’ असं बटण असतं, ट्रे रिकामा ठेवून ते दाबत राहा, प्रत्येक दाबाला पद्धत बदलते. बटण नसेल तर प्लेअर खाली एलईडीला लावून तिथून सेटिंग फिरवा.

---

पांझरा

मुक्ताई ताईंच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. जपानच्या डिस्कच्या आवाजाचं मी लिहितो.

त्यावर डीटीएस आवाजाचा ट्रॅक आपोआप लागत असणार. साध्या प्लेअरमध्ये डीटीएस उलगडायची सोय नसते, म्हणून लाल-पांढऱ्या पिनांतून शांतता. रिमोटवर ऑडिओ बटण दाबून ट्रॅक बदला. एनटीएससी डिस्कवर डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम यांपैकी एक तरी ट्रॅक असलाच पाहिजे असा डीव्हीडीचा नियम आहे, त्यामुळे तो सापडणारच.

तरी आवाज आला नाही तर सेटअपमध्ये ऑडिओ आउटपुट बघा. ‘रॉ’ असेल तर ‘पीसीएम’ करा. काही प्लेअर रॉवर असताना साध्या पिनांचा आवाज बंद करतात.

---

अमळनेरी (अमळनेर)

लॅपटॉपच्या ओकेबद्दल कोणीच बोललं नाही. दाबू नका!

१ जानेवारी २००० पासून कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन ड्राइव्हच्याच आत लिहिलेला असतो, त्याला आरपीसी-२ म्हणतात. एकूण पाच वेळा बदलता येतो. तुमच्याकडे चार उरलेत, म्हणजे एकदा ५ लिहिण्यात गेला. पाचवा बदल झाला की जिथे असेल तिथे कायमचा थांबतो. विंडोज नव्याने टाकली, ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तरी आकडा तोच, कारण तो ड्राइव्हच्या मेमरीत आहे. बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजर, त्यात डीव्हीडी ड्राइव्ह, प्रॉपर्टीज, डीव्हीडी रीजन. नुसतं बघितल्याने काही कमी होत नाही.

खिडकी रद्द करा आणि व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम टाका. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळातच नाही, त्यामुळे ते तसंही लागणार. व्हीएलसी विंडोजच्या रीजनच्या खिडकीला विचारत नाही. त्यातली लिबडीव्हीडीसीएसएस ही डिस्कचं कुलूप उघडणारी लायब्ररी आधी ड्राइव्हकडे किल्ली मागते. रीजन जुळत नसल्याने ड्राइव्हने नाही म्हटलं, तर डिस्कवरच्या माहितीवरून स्वतः किल्ली काढते. त्यामुळे सुरुवातीला काही वेळ नुसती डिस्क फिरताना ऐकू येईल, चित्र यायला उशीर लागतो. लगेच बंद करू नका.

नकाशावाल्या दोन डिस्क इथेही मेनूपाशी अडल्या तर व्हीएलसीत ‘मीडिया’, ‘ओपन डिस्क’, तिथे ‘नो डिस्क मेनूज’वर खूण करा आणि टायटलचा, म्हणजे डिस्कवरच्या व्हिडिओचा, आकडा द्या. सगळ्यात लांब टायटल तोच पिक्चर. मेनूच उघडला नाही तर कप्पा तपासणारा प्रोग्रामही चालत नाही.

---

गिरणाकाठ

अमळनेरींच्या मुद्द्याला जोड. काही लॅपटॉपमधले ड्राइव्ह, विशेषतः मात्शिता नावाने दिसणारे, रीजन जुळला नाही की कुलूपबंद भाग वाचूच देत नाहीत. त्यांच्यावर व्हीएलसीही हरते: चौकोन-चौकोन दिसतात किंवा काहीच येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतं, ते बघून घ्या.

अशा वेळी बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह घ्यावा, त्याला पहिल्याच वेळी १ करावं आणि त्यावर ‘अमेरिका’ अशी चिठ्ठी चिकटवावी. लॅपटॉपचा ५ तसाच राहू द्यायचा. रीजन बदलत बसण्यापेक्षा दोन ड्राइव्ह ठेवणं बरं. मात्र यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं आणि हे पातळ ड्राइव्ह फिरायला लागताना एक अँपिअरच्या जवळ ओढतात. टकटक आवाज येऊन ड्राइव्ह गायब होत असेल तर दोन तोंडांची वाय केबल लावा, दोन्ही तोंडं लॅपटॉपमध्येच.

---

केळीबाग

हे कायद्यात बसतं का? किल्ली स्वतः काढणं म्हणजे कुलूप तोडणंच झालं ना?

---

अमळनेरी

प्रश्न रास्त आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं. तांत्रिक कुलूप तोडण्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ तोडलं तर, अशी अट त्याच वाक्यात आहे. विकत घेतलेली डिस्क घरात बसून बघण्यात तो हेतू नाही. तीच डिस्क उतरवून पेनड्राइव्हवर गावभर वाटणं म्हणजे सरळ सरळ हक्कभंग.

---

भरीतपार्टी (यावल)

उलटा प्रश्न विचारतो. लग्नाची डीव्हीडी इथे व्हिडिओवाल्याकडून घेतली आणि अमेरिकेला पाठवली, तर तिकडे चालेल का? तिच्यावर रीजन नसतो ना?

---

मुक्ताई

रीजन नसतो, पण ती पाल असते, आणि अडचण तिथेच आहे. आपल्याकडचे प्लेअर बहुतेक दोन्ही पद्धती घेतात. अमेरिकेत विकले जाणारे कित्येक प्लेअर फक्त एनटीएससी घेतात, पालची डिस्क परत बाहेर टाकतात. तिकडच्या कॉम्प्युटरवर मात्र चालेल, कॉम्प्युटरला पाल-एनटीएससीचं काही पडलेलं नसतं.

व्हिडिओवाल्याला डीव्हीडी बनवतानाच प्रोजेक्ट सेटिंगमध्ये एनटीएससी, ७२० × ४८० निवडायला सांगता येतं. पण शूटिंग २५ चं आणि डिस्क २९.९७ ची, म्हणून वरातीत कॅमेरा फिरतो तिथे झटके दिसतील. त्याच्याकडून मूळ एमपी४ फाईल घ्या आणि पेनड्राइव्हने पाठवा, त्याला तोड नाही. डीव्हीडीच हवी असेल तर आठच्या वेगाने किंवा कमी जाळायला सांगा आणि फायनलाइज (जाळून झाल्यावर डिस्क बंद करणं) झाली ना, विचारा. न झालेली डिस्क ज्या रेकॉर्डरवर जाळली त्याच्याबाहेर बहुतेक ठिकाणी लागत नाही.

---

भरीतपार्टी

आणि अहिराणी गाण्यांच्या जुन्या व्हीसीडी?

---

मुक्ताई

व्हीसीडीला रीजन नावाची भानगडच नाही. पालच्या व्हीसीडीत ३५२ × २८८ ठिपके असतात, एनटीएससीच्या ३५२ × २४०. पद्धतीचा नियम वरचाच. त्या डिस्क जपा मात्र, कित्येक गाणी परत कधी निघालेलीच नाहीत.

---

अजिंठारोड

अवांतर: एकच पिक्चर अमेरिकेच्या डिस्कवर दोन तासांचा आणि इंग्लंडच्या डिस्कवर पाच मिनिटं कमी. इंग्लंडवाले कापतात का?

---

सातपुडा_७

हो, तिकडचं सेन्सॉर कडक असेल.

---

गिरणाकाठ

कापत नाहीत, पळवतात. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. पालला २५ लागतात. सगळ्यात सोपं म्हणजे २४ ची रीळ २५ ने चालवायची, वेग चार टक्क्यांनी वाढला. १२० मिनिटांचा पिक्चर ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. आवाजही थोडा चढतो. पेटीवर एक पट्टी पुढे जायला जेवढं अंतर लागतं त्याच्या साधारण सात दशांश. गाणं पाठ असलेल्याला काळी चार ऐवजी भलतंच लागतंय असं वाटतं ते यामुळे.

एनटीएससीत वेग मूळचाच राहतो, पण २४ ची ३० करायला काही चित्रं दोन फील्ड, काही तीन फील्ड दाखवतात, म्हणून संथ पॅनमध्ये किंचित अडखळतं. गाण्यांचा पिक्चर असेल तर मी एनटीएससीची डिस्क निवडेन. ठिपके कमी असले तरी सूर खरा मिळतो.

---

केळीबाग

ब्लू-रेला हीच वाटणी का?

---

अमळनेरी

नाही. तिथे ए, बी, सी असे तीनच भाग. अमेरिका, जपान, कोरिया ए मध्ये. युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका बी मध्ये. भारत, चीन, रशिया सी मध्ये. फोर-के डिस्कना रीजनच नाही. ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडीचा रीजन आणि ब्लू-रेचा रीजन ही दोन वेगळी कुलपं असतात. ‘रीजन-फ्री’ म्हणून विकताना बहुधा फक्त डीव्हीडीचं उघडलेलं असतं, म्हणून दुकानात दोन्ही विचारून घ्या. आणि डीव्हीडी प्लेअरवर ब्लू-रे कधीच चालणार नाही. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा लाल, ब्लू-रेचा ४०५ चा.

---

शेवभाजी

डिस्क कुठे ठेवता तेही सांगा कोणीतरी. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ पार जातं.

---

पांझरा

बरं झालं आठवण केली.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, मिळून १.२ मिलिमीटर. पत्र्याच्या छताखाली, उन्हातल्या गाडीत, गच्चीवरच्या कपाटात एकीवर एक आडव्या रचून ठेवल्या की त्या वाकतात. डिस्क काचेच्या टीपॉयवर ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून कड बघा. एका बाजूला फट दिसली तर वाकली आहे. अशी डिस्क सुरुवातीला चालते, कारण वाचन आतून बाहेर होतं, आणि वाचन कडेजवळ पोहोचलं की अडकते. वजन ठेवून किंवा इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका, चकत्या सुटतात. खोक्यात उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, खालच्या मजल्यावर.

धूळ पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसायचं, मऊ सुती फडक्याने. गोल फिरवून पुसलं की ओरखडा मार्गाच्या दिशेने पडतो आणि सलग बरीच माहिती खातो. आडवा ओरखडा प्लेअर दुरुस्त करून घेतो.

---

सातपुडा_७

टूथपेस्टने ओरखडे जातात.

---

पांझरा

वरवरचे जातात, कारण ती घासूनच काढते. आधी साधं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब वापरून बघा. निम्म्या ‘खराब’ डिस्क तेवढ्यात चालतात. टूथपेस्ट अगदी शेवटी, आणि फक्त चकाकत्या बाजूला.

---

तापीकाठ

मंडळी, तीन दिवसांनी परत आलो. एकेक करून सांगतो.

जपानच्या डिस्कचा आवाज ऑडिओ बटण दोनदा दाबल्यावर आला. वरच्या टीव्हीवर पाल निवडल्यावर अमेरिकेच्या डिस्क रंगीत, स्थिर. मुक्ताई ताई, वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या आहेत, चालतं. लॅपटॉपवर ओके दाबलं नाही, व्हीएलसीत सगळ्या चालल्या, उरलेले बदल अजून चारच.

वाघूर भाऊंनी मॉडेल नंबरावरून व्यनित (खासगी निरोपात) दिलेल्या आकड्यांनी मेनू उघडला, फोटो काढला, ० होतं ते १ केलं. नकाशावाल्या दोन्ही डिस्क चालू! पण आता इंग्लंडची डिस्क टाकली तर निळ्या पडद्यावर ‘रीजन चुकीचा’. आणि नकाशावाल्यांपैकी एक साधारण १ तास ५ मिनिटांवर दोन-तीन सेकंद थांबते, कधी कधी तिथेच अडकते. लॅपटॉपवर तीच डिस्क अडकत नाही.

---

वाघूर

इंग्लंडच्या डिस्कचा नकार अपेक्षितच. आता प्लेअर खरोखर अमेरिकेचा झाला आहे. त्या दोन डिस्क बघून झाल्या की परत ० करा. मेनूचे आकडे आणि ‘यासाठी १’ अशी चिठ्ठी त्या दोन डिस्कच्या कव्हरात घालून ठेवा, सहा महिन्यांनी शोधावं लागणार नाही.

तासाभराने थांबते ते थराचं आहे. मोठा पिक्चर एका थरात, म्हणजे ४.७ जीबीत, मावत नाही, म्हणून दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क असते. पहिला थर आतून बाहेर वाचून झाला की लेझर फोकस बदलून दुसऱ्या थरावर जातो आणि बहुतेक डिस्कमध्ये तिथून आत परत येतो. क्षणभर थांबणं हे नेहमीचं आहे. अडकणं नेहमीचं नाही. दुसरा थर पहिल्याच्या आरपार वाचावा लागतो, त्यामुळे लेन्सवर धूळ असली की पहिला तोच रुसतो.

डिस्कचा दोष की लेन्सचा, ते ठरवायला अमेरिकेच्या बाकी सहाही अर्ध्यापर्यंत पळवून बघा. सगळ्या मध्यावर अडखळत असतील तर लेन्स. प्लेअरची पिन बोर्डातून काढा, वरचं झाकण उघडा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलात भिजवून निथळलेला कापसाचा बोळा लेन्सवर एकदाच हलका फिरवा आणि पाच मिनिटं सुकू द्या. लेन्स तारांवर तरंगती असते, दाबू नका. एकच डिस्क अडकत असेल तर ती साबणाच्या पाण्याने धुवा, विशेषतः बाहेरची कड, थर तिथेच बदलतो.

---

तापीकाठ

बाकी सहा अडकत नाहीत. म्हणजे डिस्कच. कडेला बोटाचा ठसा दिसतोय, उजेडात धरल्यावर. धुतो आणि सांगतो.

---

तापीकाठ

धुतली. १:०५ ला डोळ्याची पापणी लवते तेवढीच थांबली आणि पुढे गेली. आता ० करून इंग्लंडची लावतो.